वडील ५४ वर्षांचे, लई वर्षांपासून देशी पितात, आता सगळं विसरायलेत. हे नुसत्या दारूनंच होतं का?

नाही, नुसत्या दारूनं नाही, दारूसोबत जेवण तुटणं हे त्यातलं लई मोठं कारण असतं. मी लातूरकडं व्यसनमुक्ती केंद्रात नर्सिंगचं काम करतो, तिथं येणारे बरेचजण दोन-दोन दिवस भाकरीला हात न लावता नुसत्या चकण्यावर काढलेले असतात, त्यात दारूमुळं पोटात गेलेलं जीवनसत्त्व बी-१ (थायमिन) पण नीट शोषलं जात नाही आणि ते संपलं की मेंदूचा आठवणीचा भाग खराब होतो. मग माणूस वॉर्डात पडून असतो आन सांगतो की सकाळीच मोंढ्यात जाऊन आलो. खोटं बोलत नसतो बिचारा, रिकामी जागा मेंदूच भरायलाय.

बाकी पिऊन पडल्यावर डोक्याला लागलेला मार, दारू तुटल्यावर येणारे झटके, खराब लिव्हर, बीपी-शुगर, वय हे पण भर घालतात. चालताना तोल जाणं, डोळे विचित्र फिरणं, गोंधळणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि ‘दारू पितात’ हे आधी सांगा, कारण थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर दुखणं वाढू शकतं, आपल्याकडं तर अशक्तपणा म्हटलं की सलाईनच.

दारू सुटली तर काही महिन्यांत बराच फरक पडू शकतो, पण सगळ्यांची आठवण पूर्ण परत येत नाही. आणि घरीच एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टरच्या देखरेखीतच सोडवा.