तणातून साखर काढताना : पहिल्या महिन्यापुरतं

तणातली साखर मोकळी करून पुढे ती यीस्टने आंबवायच्या प्रयोगासाठी तुम्ही जलपर्णी निवडलीत, छान. पण तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. टोपलीभर आणलेला माल वाळून मूठभर उरला की धीर सोडू नका. सगळा हिशेब कोरड्या वजनावरच ठेवा. गाजर गवत घ्याल तर फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून.

तण फोडून साखर मोकळी करायची सुरुवातीला एकच पद्धत धरा. मी सौम्य आम्ल सुचवेन: १ टक्का सल्फ्युरिक आम्ल, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली वाफेने तापवणाऱ्या भांड्यात) १२१ अंशांवर अर्धा-पाऊण तास. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जास्त तापवलं की जास्त साखर, हा भ्रम. द्रव गडद तपकिरी झाला, करपलेल्या काकवीसारखा वास आला, की साखर जळून फरफ्युरल (यीस्टला न मानवणारं रसायन) बनायला लागलंय. पुढे यीस्ट त्यात रुसतं.
- आम्लाच्या पायरीनंतर गाळलेला द्रव ओतून देणं. झायलोज (तणातली एक साखर) त्यातच असते! माझे पहिले दोन महिने असेच मोरीत गेले.
- गाळून उरलेला चोथा नीट न धुता त्यात एन्झाइम (चोथ्यातल्या तंतूंची साखर करणारं प्रथिन) घालणं. एन्झाइमला लागतो सामू (pH) ५ च्या आसपास, तापमान ५० अंश. आधी सामू तपासा, मगच एन्झाइमची बाटली उघडा.

तुलनेसाठी आम्ल न लावलेला एक नमुना दर वेळी सोबत चालवा. अल्कली, वाफ वगैरे इतर पद्धती नंतर बघू.