सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांना आरोग्य क्षेत्राकडे कसं वळवावं?

तुम्ही लिहिलंय की विडी कामगारांच्या वस्तीत अभ्यासिका चालवता, मुलं हुशार आहेत, पण 'डॉक्टर होणार का?' विचारलं की खाली मान घालतात. मी त्याच भागातली. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. चौदा वर्षं झाली, मी स्टाफ नर्स आहे.

आमच्या घरांत आरोग्य क्षेत्र म्हटलं की दोनच शब्द माहीत असतात, डॉक्टर आणि सिस्टर. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे 'नीट'चे क्लास, त्यांची फी एवढं ऐकूनच मूल मागे सरतं. पण रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचं मशीन लावणारा, ऑपरेशनची हत्यारं मांडून देणारा काय शिकलेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. भाषण ठेवू नका, ही माणसं भेटवा. शाळेत आम्हाला डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगायचे. आपल्या सोलापूरचे, १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली तिथंच वारले. अंगावर काटा यायचा, पण ते फोटोतले. मला ओढ लागली ती मागच्या गल्लीतल्या ताईमुळे. रोज सिव्हिलची ड्यूटी करून घरी येताना दिसायची.

मागच्या वर्षी मी एका अभ्यासिकेत बीपीचं पाऱ्याचं यंत्र घेऊन गेले. नववीतल्या मुलीनं स्वतःच्या आज्जीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानाला लावला. पारा उतरत आला आणि ठोका ऐकू आला, तशी तिनं श्वासच रोखला. आज्जीला मराठी जेमतेम. नात तेलुगूत विचारत होती, कुठं 'नोप्पी', म्हणजे दुखणं आहे, कधीपासून आहे. शाळेत ती घरची भाषा लपवायची. मी तिला सांगितलं, वॉर्डात तेलुगू आणि कन्नड बोलणारे पेशंट रोज येतात, त्यांचं दुखणं पहिल्यांदा तुलाच कळेल.

सायन्स नसलं तरी दार बंद होत नाही. नर्सिंगचे दोन कोर्स आहेत, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचं, एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) दोन वर्षांचं, दोन्हीला कला शाखेची बारावी चालते. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र जीवशास्त्रासह सायन्स लागतं. ज्या मुलांनी सायन्स घेतलंय त्यांना आतापासून सांगून ठेवा, बायोलॉजी सोडू नका.

मान्यता बघितल्याशिवाय कुठंही पैसे भरू देऊ नका. माझ्या चुलत बहिणीनं एका खाजगी संस्थेत वर्षभराचा 'नर्सिंग कोर्स' केला. त्यासाठी काकूचं मंगळसूत्र गहाण पडलं. हातात आलेल्या सर्टिफिकेटवर नर्सिंग कौन्सिलची नोंदणीच होत नाही, हे नंतर कळलं. अजून आठवलं की जीव तुटतो.

कागदांचं काम अकरावीतच सुरू करा. जातवैधतेला, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला वेळ लागतो, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गाला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आजोबांचा शाळेचा दाखला कुठल्या पत्र्याच्या पेटीत आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. आईचं विडी कामगार ओळखपत्र असेल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. हक्काची आहे, तरी कितीतरी घरं भरतच नाहीत.

राहिला घरचा विरोध. मुलींच्या बाबतीत तो रात्रपाळीवर येऊन अडतो. तिथं वाद घालू नका, आईला सोबत घेऊन हॉस्पिटल दाखवा. माझे वडील नाहीच म्हणत होते. त्या ताईनं एका दुपारी माझ्या आईला नर्सिंग हॉस्टेलवर नेलं, खोल्या दाखवल्या, वॉर्डनशी बोलायला बसवलं. नंतर वॉर्डातून फिरवलं. तिथं आमच्याच गल्लीतली एक म्हातारी ॲडमिट होती, आई तिच्या उशाशी बराच वेळ बसली.

त्या रात्री आईनं विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि वडिलांना म्हणाली, "उद्या मागावर जाताना फॉर्म कुठं मिळतो ते विचारून या."