प्रतिष्ठापना नव्हे, मांडणी

फोंड्याच्या एका शिक्षिकेनं पणजीत एका दालनाच्या फलकावर 'कलाकृतीची प्रतिष्ठापना' असं वाचलं. त्यांनी विचारलंय: इन्स्टॉलेशनला, म्हणजे जागेत वस्तू, आवाज, उजेड ठेवून केलेल्या कलाकृतीला, मराठीत हेच म्हणायचं, की मांडणशिल्प? आणि प्रदर्शनाची निवड-आखणी करणाऱ्या क्युरेटरला काय म्हणायचं?

प्रतिष्ठापना नको! दर डिसेंबरात, कलामहोत्सवाच्या दिवसांत, कुठे ना कुठे हा शब्द दिसतो आणि दर वेळी मी चिडतो. प्रतिष्ठापना मूर्तीची होते, तिच्यात प्राण आणले जातात. गणपतीही दीड दिवसात जातो, असं कुणी म्हणेल. जातो, पण उत्तरपूजा झाल्याशिवाय आपण त्याला हलवत नाही. महोत्सव संपला की कलाकृतीचे दिवे मालवतात, तारा गुंडाळतात, खोकी भरतात.

यासाठी मराठीकडे 'मांडणं' आहे. मूळ संस्कृत मण्ड्, सजवणं. मराठीत आल्यावर सजावट मागे पडली आणि वस्तू एकमेकींच्या नात्यानं ठेवणं हा अर्थ उरला. पाट मांडतो, डाव मांडतो, संसार मांडतो, गाऱ्हाणं मांडतो. जे मांडलं ते मोडता येतं, डावही आणि संसारही. इन्स्टॉलेशनचा स्वभाव याहून नेमका कुठला शब्द सांगेल? २०१२ साली पहिल्या कोची बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, चित्रकार विवान सुंदरम यांनी केरळातल्या पट्टणमच्या उत्खननातल्या खापऱ्या जमिनीवर पसरून अख्खं शहर उभं केलं. घडवलं काहीच नाही, मांडलं.

म्हणूनच 'मांडणशिल्प' मला अर्धंच पटतं. बंगालीत इन्स्टॉलेशनला स्थापनाशिल्प म्हणतात, आणि तिथे ते चालतं, कारण बंगालीत शिल्प म्हणजे एकूण कला. ढाक्याच्या शिल्पकला अकादमीत चित्रंही असतात आणि नाटकंही होतात. मराठीत शिल्प म्हटलं की दगड, धातू, लाकूड डोळ्यांपुढे येतं. अंधाऱ्या खोलीत नुसता आवाज आणि उजेड असेल तर त्याला शिल्प कसं म्हणायचं? परिभाषा घडवणाऱ्यांना जोडशब्दाशिवाय चैन पडत नाही. नुसतं 'मांडणी' म्हणा.

आता खरी गंमत. याच मण्ड् कुळातला मण्डप, त्याचा मराठी मांडव, आणि लहानसा मांडव ती मण्डपिका. उत्तर प्रदेशातल्या सीयडोणीच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात मण्डपिका म्हणजे जकातीचा नाका. तीच पुढे मांडवी झाली. मुंबईतली मांडवी तीच, कच्छातलं बंदरही तेच. आमच्या गोव्याच्या मांडवी नदीचं नावही तिथूनच आलं, असं माझं ठाम मत आहे. भरताच्या बायकोचं नाव मांडवी, म्हणून नदी मांडवी, ही कथा सांगणाऱ्यांनी आधी बंदरांची नावं एका ओळीत लिहून पाहावीत. नदीवर माल यायचा, काठावर जकातीची छपरी असायची.

कोकणीतला माटोव म्हणजे मांडव, आणि त्याची धाकटी माटोळी. 'ण्ड'चा 'ट' कसा झाला असं भाषाशास्त्री विचारतात. विचारोत. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, हे मी सोडणार नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर नारळाचे नि सुपारीचे घड, आंबाडे, तोरिंग, कांगलां, घागऱ्यो बांधलेली ती चौकट पाहा. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक रानातल्या फळापानांतून अख्खे देखावे उभे करतात. याला इन्स्टॉलेशन म्हणायला आपण परदेशी शब्दाची वाट का पाहिली?

आणि मांड! पौषात बायका धालो हा नाचगाण्याचा खेळ खेळतात ती जागा, शिगमो म्हणजे गोव्यातला शिमगा होतो ती जागा. मांडावर चपला चालत नाहीत, कारण खेळ आणि जागा वेगळी काढता येत नाही. पणजीत गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीत सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या दिवसांत फिरताना मला हेच जाणवतं. तिथल्या भिंती, लांब सज्जे, उंच खिडक्या कलाकृतीत शिरतात. तीच वस्तू संग्रहालयाच्या पांढऱ्या खोलीत नेली तर ती वेगळी मांडणी होते. उघड्यावरच्या कलेच्या जागेला 'सार्वजनिक अवकाश' म्हणण्यापेक्षा मांड म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

क्युरेटर राहिला. संग्रहालयात अभिरक्षक चालतो, कारण तिथे वस्तू राखायच्या असतात. महोत्सवात राखायला काही नसतं. तिथे क्युरेटरच म्हणा.