हिरड्या पांढऱ्या, लघवी कोऱ्या चहासारखी

प्रश्न : आमचा ३४ किलोचा लॅब्रॅडॉर वाघ्या आठवडाभर मलूल आहे. हिरड्या पांढऱ्या, लघवी कोऱ्या चहासारखी. रक्तपेशींचं प्रमाण १६ टक्के. डॉक्टर म्हणतात, शरीरच स्वतःचं रक्त फोडतंय. लोहाचं टॉनिक आणि बीट देऊ का? – एक वाचक, मिरज

उत्तर : बीट तुम्हीच खा! लोह कमी पडलेलं नाही. फुटलेल्या पेशींमधलं बरंचसं शरीरातच राहतं. निरोगी कुत्र्यात रक्तपेशींचं प्रमाण साधारण ३७ ते ५५ टक्के असतं, म्हणजे १६ फारच कमी. धाप लागली तर रक्त चढवावं लागेल. गावातला दुसरा धडधाकट मोठा कुत्रा आत्ताच हेरून ठेवा, रक्त जुळवून पाहायला वेळ लागतो.

आधी गोचीड-ताप तपासला का? कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात मला पहिला संशय बबेसियाचाच येतो, म्हणजे गोचिडीतून येऊन रक्तपेशी फोडणाऱ्या परजीवीचा. तो असेल तर त्याचंही औषध हवं.

शरीराचा स्वतःच्या रक्तावरचा हल्ला दाबणारं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, सुरू झालं की वाघ्या घागरभर पाणी पिईल, रात्री अंगणात जायला उठवेल. सोसा. गोळी मनाने बंद करू नका. ती काही महिन्यांत, रक्त तपासत, उतरवतात. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही असतो, त्याची गोळी डॉक्टरांना विचारा. आणि कांद्याचा रस्सा भाकरीवर ओतणं बंद. कांद्यानेही कुत्र्याचं रक्त फुटतं.