घरी केलेला साबण दोन महिने वाळवूनही मऊच आहे. त्यात 70 टक्के सूर्यफूल तेल आहे. तेल बदलावं का?

बदला. 70 टक्के सूर्यफूल तेल घातलंय म्हणता, मग आणखी दोन महिने वाळवून फार फरक पडायचा नाही.

आमच्या सांगलीच्या घरात याच गोष्टीवरून चार वर्षं वाद चाललाय, म्हणून लिहितेय. माझ्या दिरांचा लाकडी घाणा आहे. मी साबण करायला घेतला तेव्हा त्यांनी करडई तेलाचा पाच लिटरचा कॅन आणून ठेवला. "वैनी, जतची करडई आहे. असल्या शुद्ध तेलाची वडी दगडासारखी होती का नाही बघा." मी भोळी. तीन किलो तेलाचा साबण केला, सहा आठवडे वाळवला आणि दिवाळीला सगळ्या भावकीत वाटला. पहिल्या आंघोळीच्या दिवशी पहाटेच नणंदेचा फोन, "वैनी, बशीत शिकरण झालीय!" ज्यांनी वड्या जपून ठेवल्या, त्यांच्या वड्यांवर पुढं नारिंगी ठिपके आले आणि खवट वास सुटला. भाऊजी आजही चारचौघांत सांगतात, वैनींचं कॉस्टिक सोड्याचं माप चुकलं.

माप चुकलं नव्हतं. करडई तेलात 70 टक्क्यांच्या वर लिनोलिक आम्ल (तेल पातळ ठेवणारं एक मेदाम्ल) असतं. तुमच्या सूर्यफुलासारखाच त्याचाही साबण मऊच होतो आणि लवकर खवटतो, मग तेल घाण्याचं असो की पिशवीतलं. शुद्धतेचा इथं काय संबंध? थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं, करडई थिजत नाही. वडीचा टणकपणा बहुतेक तिथंच कळतो. (ऑलिव्ह तेल याला अपवाद. आधी मऊ, पण काही महिन्यांत चांगलं टणक होतं.)

मी आता 40 टक्के खोबरेल, 30 टक्के वनस्पती तूप, 25 टक्के शेंगतेल आणि 5 टक्के एरंडेल घेते. एरंडेल फेसासाठी, जास्त घातलं तर वडी चिकट होते. टाचांच्या भेगांना लावतो ते कोकम तेल थोडं घातलं तर वडी आणखी टणक होते, पण ते महाग पडतं. दुकानातल्या पिशवीतलं पामतेल म्हणजे बहुधा पामोलीन, पामतेलाचा पातळ भाग. त्यानं वनस्पतीइतका टणकपणा येत नाही.

नुसत्या खोबरेलाची वडी सगळ्यात कडक होते, आमच्या बोअरच्या पाण्यातही फेस देते, पण अंग कोरडं पडतं.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: तेल बदललं की सोडा पुन्हा मोजा. किलोभर खोबरेलाला साधारण 183 ग्रॅम लागतो, शेंगतेलाला किंवा करडईला 136 च्या आसपास. त्यातून पाचेक टक्के कमीच धरा. जुन्याच मापानं खोबरेलाऐवजी करडई घातलीत तर हात भाजतील.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. कॅनमधलं उरलेलं तेल मी फोडणीला संपवलं. फोडणीला झकास होतं, ते मी कधी नाकारलंच नव्हतं.