स्फटिकावर पोट भरतं का?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आलंय. मुलगी सांगलीत टी. वाय. बी. एस्सी.ला आहे, विषय मायक्रोबायॉलॉजी. कॉलेजच्या सेमिनारला तिनं ‘अ‍ॅडॅप्टर प्रोटीन आणि त्याला जोडलेल्या पेप्टाइडची स्फटिकरचना’ असा विषय घेतला, आणि आता पुढं यातच शिकायचं म्हणते. “पाव्हणे म्हणतात डीएमएलटी करून लॅब टाका, नाहीतर बी. एड. करा. तिनं सांगितलेलं आमच्या डोक्यावरून गेलं. या स्फटिकावर पोट भरतं का?”

दादा, नमस्कार.

ती काय म्हणतेय ते आधी बघू, पोटाचं मग बोलू. ऊसतोडीत ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची पिन असते. ती स्वतः काही ओढत नाही, पण ती नसली तर ट्रॅक्टर एकटाच कारखान्यावर जाणार. पेशीतही अशी पिनेची कामं करणारी प्रथिनं असतात, तीच अ‍ॅडॅप्टर. त्यातलं एक ग्रब-२, अवघ्या २१७ अमिनो आम्लांचं (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी). ‘वाढ’ असा निरोप बाहेरून आला की तो घेणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टर या प्रथिनातल्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतं. ग्रब-२चा एसएच-२ हा भाग ते टायरोसिन धरतो. त्याच्या दोन बाजूंचे एसएच-३ भाग सॉस नावाच्या प्रथिनाला धरून असतात. सॉस पुढं रास या प्रथिनाला जागं करतं आणि पेशी विभागायला लागते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बीसीआर-एबीएल नावाचं बिघडलेलं प्रथिन आपल्या १७७व्या टायरोसिनला हीच पिन अडकवतं.

पिन कशी बसते हे बघायला अख्खी ट्रॉली लागत नाही, नुसतं कडं पुरतं. ते कडं म्हणजे पेप्टाइड, प्रथिनाचा छोटा तुकडा. १९९६ साली ग्रब-२चा एसएच-२ भाग सात अमिनो आम्लांच्या अशा तुकड्यासह स्फटिकात दिसला; स्फटिकावर क्ष-किरण टाकले की आतली रचना कळते. गंमत अशी की सार्क या प्रथिनाच्या एसएच-२मध्ये पेप्टाइड सरळ पडलेलं असतं, इथं मात्र ते वळण घेतं. वाटेत ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल आडवं आहे, म्हणून. त्या वळणामुळंच फॉस्फेटवाल्या टायरोसिननंतर दुसऱ्या जागी अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल असेल तर पकड बसते. ही रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट बघता येते, क्रमांक १टीझेडई. एकदा मुलीला मोबाइलवर फिरवून दाखवायला सांगा. ती कशी सांगते ते ऐका. माझ्या पत्रापेक्षा तुम्हाला त्यातून जास्त कळेल.

आता अवघड भाग. स्फटिक म्हटलं की आपल्याला खडीसाखर आठवते: दाट पाक, त्यात दोरा, हळूहळू थंड करायचं. प्रथिनाला उष्णता सोसत नाही, म्हणून त्याच्या बारक्या थेंबातलं पाणी बंद डबीत सावकाश काढून घेतात. क्षार किती, आम्लता किती, तापमान किती, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकेका प्लेटमध्ये ९६ वेगवेगळी मिश्रणं लावायची आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. कित्येकदा नुसता साका मिळतो. कधी चकचकीत स्फटिक येतो, पोरं पेढे वाटतात, आणि क्ष-किरणात तो साध्या मिठाचा निघतो. खरा स्फटिक आला तरी त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच, हात लागला की गेला. इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, प्रथिनांसाठी वेगळी बीमलाइन (किरण बाहेर काढून वापरायची जागा) आहे. तिथं काही मिनिटांत जे मोजून होतं, त्याच्यामागं वर्षभराचं काम असू शकतं. ऑक्टोबरची छाटणी करून अवकाळीच्या भीतीनं आभाळाकडं बघणाऱ्या माणसाला हे मी काय समजावणार!

“आता हे कॉम्प्युटरच करतो” असं कुणीतरी म्हणेलच. प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारा अल्फाफोल्ड हा प्रोग्राम बनवणाऱ्यांना २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, खरंय. पण अल्फाफोल्ड शिकला तो अशाच प्रयोगांतून जमलेल्या रचनांवर, आणि त्याचा अंदाज बरोबर की चूक हे शेवटी प्रयोगानंच ठरतं. मुलीनं दोन्ही शिकावं. त्यासाठी भरमसाट फी घेणारे बायोइन्फर्मेटिक्सचे (कॉम्प्युटरवरच्या जीवशास्त्राचे) सर्टिफिकेट क्लास लावू नका. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घरी बसून येते. गणित आणि भौतिकशास्त्र मात्र बारावीनंतर सुटलं असेल तर पुन्हा काढावं लागेल. मायक्रोबायॉलॉजीची मुलं इथंच अडतात.

पोटाचं सांगतो. नुसत्या स्फटिकांवर चालणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडं थोड्याच आहेत, हे लपवत नाही. पण स्फटिकापर्यंत जाताना जीन क्लोन करणं, प्रथिन तयार करणं, ते शुद्ध करणं, हे हात तयार होतात, आणि त्या हातांना पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या लस आणि बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच औषध) बनवणाऱ्या कंपन्यांत काम असतं. एम. एस्सी.नंतर नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. पीएच. डी.ला पाच-सहा वर्षं जातात. त्या काळात लग्नाचा विषय घरात रोज काढायचा नाही, एवढं मात्र आधीच ठरवा. डीएमएलटी वाईट नाही, पण तिनं ते मागितलेलं नाही.

लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिन्यांची. त्यासाठी अर्ज करू द्या, आणि एखाद्या प्रथिनाच्या प्रयोगशाळेत उभं राहू द्या. परत आल्यावर किती थेंब वाया गेले हे ती तोंड पाडून सांगते की पुढच्या वेळी काय बदलणार हे सांगते, तेवढं बघा. दुसरं असेल तर तिला अडवू नका.

एम. एस्सी.साठी आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यायला सांगा. बंगळुरूच्या आयआयएस्सीच्या इंटिग्रेटेड (बी. एस्सी.नंतर थेट घेता येणाऱ्या) पीएच. डी.ची वाटही त्यातूनच जाते. ती परीक्षा फेब्रुवारीत असते, ऐन द्राक्षाच्या हंगामात. तेवढा महिना तिला पॅकिंगला बसवू नका.