घाबरलीस तर घाबरले म्हण

बेटा,

मंडळाच्या पावतीपुस्तकावरच्या जोकच्या व्हिडिओसाठी तू लिहून रात्री पाठवलेला माफीनामा वाचला, सकाळी परत वाचला. 'माझ्या व्हिडिओमुळे कोणाच्या धार्मिक भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे, कलाकार म्हणून मला जबाबदारीची जाणीव आहे.' ही भाषा तुझी नाही गं. परवा आमच्या ओटल्यावर बसली होतीस, पोह्यांवरची शेव मऊ पडून गेली तरी घास घेतला नाहीस, आणि फोन पुढे करून तो मेसेज दाखवलास. तुझ्या गल्लीचं नाव, फाटकाचा रंग, खाली 'समझ जा'. तुझा अंगठा थरथरत होता. माफीनाम्यात तो मेसेज कुठाय? भावना आहेत, जबाबदारी आहे, धमकीच नाही.

व्हिडिओ ठेव की काढ, ते मी सांगणार नाही. दिवसभर घरी आई एकटी असते, तुझं तू ठरव. काढलास तर मी रागावणार नाही. पण घाबरून काढलास तर घाबरून काढला असं लिही.

नाथांनी भारुडात काय काय लिहिलं ते तुला सांगत बसत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आणि 'मी देवावर नाही, मंडळाच्या पावतीपुस्तकावर जोक केला' हे सगळ्यांना समजावत फिरणं पण बंद कर. देवावर असता तर घराचा पत्ता पाठवायचा हक्क मिळाला असता का कोणाला?

आता माझं ऐक. १९९४ साली गणपतीत आम्ही एक छोटा वग बसवला होता. चित्रगुप्त खिडकीत बसून स्वर्गाचे अर्ज तपासतो, कोणत्या बुवाची चिठ्ठी आणली ते विचारतो, असं काहीतरी. तिसऱ्या दिवशी तालमीला चार जण आले. आरडाओरडा काही नाही. एकाने पेटीवर हात ठेवला, सूर दाबला गेला, तो तसाच वाजत राहिला आणि तो माणूस मला हळूच म्हणाला, 'काका, बच्चे कौन-से स्कूल में हैं आपके?' बस, एवढंच. रात्रीच मी प्रयोग रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी पोरांना जमवून भाषण दिलं की आपण समाजात राहतो, लोकांच्या श्रद्धा असतात, कलावंताने तारतम्य ठेवावं. चित्रगुप्ताचं काम करणारा मुलगा, त्याने जुन्या चोपड्या चिकटवून हातभर मोठी वही केली होती, ती मांडीवर घेऊन बसला होता, त्याने विचारलं, 'काका, तुम्ही घाबरलात का?' मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. तो परत कधी नाटकात आला नाही.

प्रयोग रद्द केल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. माझी एक पोर दुसरीत, एक चौथीत, दोघी रिक्षाने शाळेत जायच्या, आणि कोणी काही म्हणो, बापाने दुसरं काय करायला हवं होतं? त्यावरून मला भित्रा म्हणणारे आजही आहेत, म्हणोत. पण मी खोटं बोललो. घाबरलो होतो आणि तारतम्य म्हणालो. त्यामुळे झालं काय, की धमकी देणारा सुटला आणि चूक त्या वगाची ठरली, लिहिणाऱ्याची ठरली, त्या पोराची ठरली. पुढच्या वर्षी कोणी न येताच मंडळवाले म्हणाले, 'तारतम्य ठेवा हं.' शब्द माझाच होता.

आता डेन्मार्कच्या युलांड्स-पोस्टेन या पेपरचं बघ. २००५ मध्ये पैगंबरांची १२ व्यंगचित्रं छापली ती याच पेपरने. त्यातल्या एका चित्रकाराच्या, कुर्ट वेस्टरगार्डच्या घरात २०१० च्या १ जानेवारीला एक जण कुऱ्हाड घेऊन घुसला, म्हातारा भक्कम केलेल्या बाथरूममध्ये पळाला, ५ वर्षांची नात बाहेरच्या खोलीत राहिली. तिला काही झालं नाही. लोकांनी त्याला काय काय नावं ठेवली, मी ठेवू शकत नाही. मग २०१५ मध्ये पॅरिसला शार्ली एब्दो या व्यंग-साप्ताहिकावरच्या हल्ल्यात १२ माणसं मेली, त्यानंतर युलांड्स-पोस्टेनने चित्रं परत छापली नाहीत, आणि अग्रलेखात सरळ लिहिलं की आम्ही ९ वर्षं हल्ल्याच्या भीतीत राहतोय, छापत नाही ते त्याच कारणाने, हिंसेचा उपयोग होतो हेच यातून दिसतं. ते वाचून मी रडलो होतो. छापलं त्यांनीही नाही, मीही केलं नाही, पण ते खरं बोलले.

आपल्या इंदूरचं तर तुला माहीतच आहे. २०२१ च्या १ जानेवारीला कॉमेडियन मुनव्वर फारूकीला कार्यक्रमातून धरलं, हायकोर्टाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने दिला, तोवर महिनाभर तो आतच. पुढे त्याचे शो रद्द व्हायला लागले तेव्हा त्याने 'काही कारणास्तव' नाही लिहिलं, हॉलला आणि प्रेक्षकांना धमक्या येतात म्हणून रद्द, असं लिहिलं.

कायद्याचं थोडक्यात. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, जुन्या दंड संहितेतलं २९५-अ, १९२७ चं, आता भारतीय न्याय संहितेत २९९. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान केला हे सिद्ध व्हावं लागतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. वकिलाला न विचारता लेखी माफी पोस्ट करू नकोस, ती उद्या तुझ्याच विरुद्ध वाचतील. हे मी तुला परवाच सांगायला हवं होतं.

आणि 'पण काका, लोकांच्या भावना पण असतात ना' हे मला परत ऐकवू नकोस. असतात. ज्याला खरंच वाईट वाटलं त्याने तुला तसं लिहिलं असतं, तू उत्तर दिलं असतंस, भांडला असता दोघं. फाटकाचा रंग लिहिणाऱ्याला वाईट वाटलेलं नाही, त्याला तू गप्प हवी आहेस. दोघांना एकाच वाक्यात बसवू नकोस, पहिल्यावर अन्याय होतो.

काढायचाच असेल तर एवढंच लिही: 'मला घरच्या पत्त्यासकट धमकी आली. मी घाबरले आहे. म्हणून व्हिडिओ काढते आहे.' दिलगिरी नको, जर-तर नको.

मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट मला पाठव, नंबर दिसला पाहिजे. उद्या ११ वाजता मी येतो, आधी वकिलाकडे, मग तिथून पोलीस ठाण्यात. आईशी मीच बोलेन, तू काही सांगू नकोस तोपर्यंत. आणि सकाळी काहीतरी खाऊन नीघ.

काका